कपबशीवाल्याचा फुटबॉल

आमचे हे काचसामानाच्या दुकानात विक्रेते आहेत. कपबशा, बरण्या, पाहुणे आले तरच कपाटातून बाहेर निघणारे डिनर सेट. अख्खा बाजार ह्यांना 'कपबशी' म्हणून हाक मारतो. ह्यांना ते आवडतं, मला नाही आवडत. जन्मात ह्यांच्या हातून एक वस्तू फुटलेली नाही, आणि त्याचं गुपित ते न विचारता ऐकवतात: पडतंय ते धरायचं, आणि धरलेलं जागेवर ठेवल्याशिवाय सोडायचं नाही. घरात माझ्या हातून चमचा निसटला तरी ह्यांचे दोन्ही हात आधी पुढे. मग तो चमचा माझ्यापुढे असा ठेवतात, जणू मी गिऱ्हाईक!

अशा माणसाला फुटबॉल शिकवायचं कुणाला सुचावं? आमच्या पोटच्या पोरीला.

लेक आधी एका ऑफिसात होती. संध्याकाळी घरी यायची आणि भिंतीकडे बघत जेवायची. मग एक दिवस म्हणाली, "आई, मी नोकरी सोडली. फुटबॉल शिकवणार." मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्या रात्री ती आमच्याकडे बघत जेवली, म्हणून गप्प बसले. तर ह्या शिकवण्यालाही परीक्षा असते म्हणे. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही अशी चार मोठी माणसं जमवायची, त्यांना पहिल्यापासून शिकवायचं, आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई मैदानात उभ्या राहून बघणार. एकदा ती नापास झाली होती. एका शाळेने खेळाच्या बाईंची जागा तिच्यासाठी ह्या परीक्षेपर्यंत अडवून ठेवली होती. आता परत नापास झाली की ती जागा दुसऱ्याला, आणि ही पुन्हा त्या ऑफिसात, पुन्हा त्या भिंतीकडे. मला तेवढं नको होतं. बाकी फुटबॉल गेला खड्ड्यात.

चार माणसं मिळाली: कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, दातांच्या डॉक्टरीणबाई, वाचनालयातल्या बाई आणि चौथे आमचे हे. मी डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मैदानाकडेच्या बाकावर बसायचे.

बसायचे म्हणजे डोकं धरून बसायचे. मला वाटायचं, चेंडू दिसला की लाथ मारायची, संपला खेळ. तर ही म्हणे, "बोटांनी नाही मारायचं, पायाच्या आतल्या बाजूने." आता पायाला आत आणि बाहेर कुठून आलं? बाकावर बसल्या बसल्या मी चप्पल काढून बघितलं. घोट्याखालची खोलगट बाजू, ती आतली. बरं, एक पाय मारणार, तर दुसरा काय करणार? तो चेंडूशेजारी उभा राहणार, आणि त्याचं तोंड जिकडे, तिकडे चेंडू जाणार. म्हणजे काम एकाने करायचं आणि दिशा दुसऱ्याने ठरवायची. आमच्या घरातही असंच आहे, ते एक असो. त्यावर कहर म्हणजे, येणारा चेंडू थांबवायचा तर म्हणे पाय मागे घ्यायचा! "अगं, थांबवायचंय ना? मग पुढे घाल की पाय," मी बाकावरून ओरडले. "आई, पाय ताठ ठेवला तर आपटून लांब जातो. सैल सोडून थोडा मागे घेतला की पायाशीच राहतो." सगळं डोक्यावरून गेलं. इस्त्रीवाल्यांना पटकन जमलं, वाचनालयातल्या बाई चष्मा सावरत का होईना शिकल्या, डॉक्टरीणबाई तर चेंडू पायाने ढकलत जमिनीवर मांडलेल्या नारिंगी टोप्यांमधून वळणं घेत जाऊ लागल्या.

आणि आमचे हे? चेंडू आला की हाताने झेलायचे. दर वेळी! जमिनीवरून सरपटत आला तरी खाली वाकून उचलायचे. नुसते उचलायचे नाहीत, तर नखाने टिचकी मारून कानाशी न्यायचे. तडा गेलाय का बघायला.

"बाबा! चेंडू आहे तो!"

"कळतं गं मला. पण हाताला नाही कळत."

पोरगी चिडली की तिचे कान लाल होतात, रडू आलं तरी लालच होतात. त्या दिवसांत नक्की काय चाललंय तेच मला कळत नव्हतं. मी ह्यांना घरी सुनावलं, "अहो, हात खिशात घाला." घातले. चेंडू आला, खिसा उसवला.

मग एकदा मधल्या सुट्टीत हे कपबशी धरून चहा पीत उभे होते. इस्त्रीवाल्यांच्या पायातून चेंडू निसटून ह्यांच्याकडे आला. ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. पाय किंचित मागे घेतला, चेंडू बुटाशी येऊन निमूट थांबला. हे चहा पितच होते! लेक डोळे फाडून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या दोन्ही हातांत एकेक रिकामा कप. प्लॅस्टिकचे देऊन बघितले तर ते टाकून हात चेंडूकडे धावले, म्हणून घरचे चांगले चिनीमातीचे. कप हातात असले की हे पायाने खेळायचे, आणि मला विचाराल तर बरे खेळायचे. का, कसं, देव जाणे.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कुणाची तरी दाढ अर्धवट निघून अडकली होती, त्यांना येता येणार नव्हतं. चार माणसं नसतील तर परीक्षाच नाही. लेकीने बाकाकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं.

"अगं, मला काय येतंय?"

"तुला काही येत नाही, तेच पाहिजे. ये आई."

आली का पंचाईत! उतरले मी मैदानात, घरातल्या चपला घालून. तेवढ्यात परीक्षक बाईंची नजर ह्यांच्या हातांवर गेली. "हे काय? मैदानात चिनीमातीचे कप? आधी ते बाहेर ठेवा."

त्यांचं काही चूक नव्हतं. ह्यांनी कप बाकावर नीट ठेवले आणि परत आले, हात मोकळे, चेहरा पडलेला. इस्त्रीवाल्यांनी चेंडू हळू पाठवला. हे वाकले, उचलला, टिचकी मारली, कानाशी नेला. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. लेकीचे कान लाल झाले. मला ती भिंतच दिसायला लागली.

लेकीने आधी बाकावरच्या कपांकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाली, "बाबा, दोन्ही हातांनी आईचा हात धरा."

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने चार लोकांत माझा हात धरला नव्हता. रस्ता ओलांडताना हे पुढे, मी मागे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग एक हात माझ्या हाताखाली आला आणि एक वर. जसा महागातला कप धरतात, तसा.

चेंडू आला. ह्यांचे हात हलले नाहीत. पाय पुढे गेला, सैल पडला, मागे आला, आणि चेंडू थांबला.

"आता तू मार," हे म्हणाले.

बाकावरून ऐकलेलं कुठून कसं आठवलं कोण जाणे. एक पाय शेजारी ठेवला, दुसऱ्याच्या आतल्या बाजूने ढकलला. गेला की हो! सरळ वाचनालयातल्या बाईंकडे! तो परत आला, ह्यांनी थांबवला, मी मारला. किती वेळ चाललं मला माहीत नाही.

"हे हात धरायला लावणं कुठल्या पुस्तकात आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"पुस्तकात नाही," लेक म्हणाली. "बाबांचे हात रिकामे राहू शकत नाहीत. मला आज नीट कळलं."

बाईंनी आमच्याकडे बराच वेळ बघितलं. मग लिहून झालेला कागद लेकीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "शाळेला सांग, मुलं जमवा." लेक मटकन मैदानातच बसली. कान लालेलाल. इस्त्रीवाल्यांनी शिट्टी मारली, वाचनालयातल्या बाई कधी नव्हे त्या मोठ्याने हसल्या.

मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, झाली परीक्षा. सोडा आता, लोक बघताहेत."

"जागेवर ठेवल्याशिवाय सोडत नाही मी," हे म्हणाले.

आणि दोन्ही हातांनी धरून मला बाकापर्यंत घेऊन आले. कप एका कडेला सरकवले, मला बसवलं, नीट बसले की नाही ते बघितलं, आणि मग सोडलं.