दोन चिंचांपाशी गाडी कशी काढायची

व्यंकोबावर अन्याय झाला. मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, बंगळुरातल्या कलासीपाळ्यात, त्याच्याच लॉरी-मालकाच्या आवारात. आदल्या दिवशी शिरा गावाजवळ, दोन चिंचांच्या मधल्या खड्ड्यात, त्याच्या लॉरीचा पुढचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटला होता. मालक म्हणाला, "खड्डाबिड्डा काही नाही, तुला डुलकी लागली." आणि अकरा वर्षं गाडी हाकणाऱ्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेतली. खड्डा खरंच आहे म्हणून शनिवारपर्यंत दहा ड्रायव्हरांच्या सह्या आण, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो, असा वर हुकूम.

बेळगावात हा निरोप मला बसप्पाने दिला. बसप्पा धारवाडकडचा ड्रायव्हर, व्यंकोबाचा दोस्त. आमच्या संघटनेची पत्रकं व्यंकोबाने कितीदा तरी निपाणीपर्यंत एक शब्द न बोलता पोचवली होती. मी कागदाचा गठ्ठा घेतला आणि गुरुवारी सकाळी बसप्पाच्याच लॉरीत चढलो.

सह्यांच्या मोहिमेची सुरुवात मी तिथेच केली. "बसप्पा, रस्ता वाईट आहे असं लिहून देणार ना?"

"कुठला? आमचा धारवाडचा?" त्याला रागच आला. "गादी आहे हो गादी! पावसात काळी माती जरा चिकटते, तेवढं सोडा. वाईट रस्ता बघायचा तर पुढे म्हैसूरवाल्यांचा बघा."

हे बोलता बोलता त्याच्या गादीने माझं डोकं टपाला आपटवलं. तो हसला नाही. मी टाळू चोळत कागद गठ्ठ्यात परत ठेवला.

राणेबेन्नूरच्या पुढे रान उघडं होत जातं, काळी माती संपून तांबडी लागते. हिरियुरला मुक्काम केला. शुक्रवारी शिरा ओलांडल्यावर बसप्पाने गाडी हळूच मातीत उतरवली, परत रस्त्यावर घेतली आणि म्हणाला, "हीच ती गुंडी (खड्डा)." दोन मोठ्या चिंचांची सावली, आणि खाली बैल बसेल एवढं भगदाड. मी टाचेने खोली मोजायला उतरणार होतो, पण बसप्पा थांबायला तयार नव्हता.

दुपारी कलासीपाळ्यात पोचलो. लॉऱ्यांच्या रांगा, भिजलेल्या गोणपाटाचा वास, चहाच्या दुकानासमोर बाकावर बारा-तेरा ड्रायव्हर. मी छापील प्रश्न वाचला: आपल्या गाडीस शिऱ्याजवळच्या खड्ड्यामुळे कधी इजा झाली काय?

कोलारचा एक जाडजूड ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या म्हैसूरच्या रस्त्यांना सावली आहे, सावली! राजांनी लावलेली झाडं. खराब रस्ते सेलमकडे."

बाजूला बसलेला सेलमचा ड्रायव्हर हिंदीत उसळला, "अय्यो! हमारा रोड पे तुम चाय रखो, नहीं गिरेगा. खराब रोड इसका, बेळगाम का!" बोट माझ्याकडे.

मी म्हटलं, "बरं, माझा वाईट. पण या खड्ड्याचं काय? सही कोण करतो?"

कुणीच नाही. कोलारवाला सावकाश म्हणाला, "माझी गाडी आपटली असं लिहून देऊ? उद्या मला गाडी कोण देईल, अण्णा?"

मी भडकलो. भित्रे म्हणालो, एकजूट नाही म्हणालो, पत्रकात असतं ते सगळं तोंडावर म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

व्यंकोबाच्या घरी त्याची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, वाढायला बसली होती. हे घराणं तीनशे वर्षं कानडी मुलखात. मराठी गोड, पण निम्मं कन्नड. व्यंकोबा ताटाकडे बघत बसलेला. समोर मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) आणि झणझणीत सारू (पातळ आमटी).

"चावू नको, गिळ," अक्का मला म्हणाली. "स्वल्प (थोडं) खा, मग रागाव."

मी गिळत गिळत हकीकत सांगितली. अक्काचा नवराही ड्रायव्हर होता. तिने कपाळाला हात लावला.

"अरे शिकलेल्या! आपटलास का म्हणून विचारशील तर कोण हो म्हणेल? आमचे हे कधी आपटले नाहीत, आयुष्यात. पण गाडी कशी काढली ते सांगायला बसले की जेवण थंड. तसं विचार की!"

संध्याकाळी मी पुन्हा त्या बाकापाशी गेलो. आधी माफी मागितली. मग म्हटलं, "अण्णा, शिऱ्याजवळच्या त्या दोन चिंचांपाशी गाडी काढायची कशी?"

काय सांगू! बाकावरचे सगळे उठले. कोलारवाला म्हणाला, डावं चाक मातीत. सेलमवाल्याने खडूने जमिनीवर चिंचा काढल्या आणि उजवीकडून वळसा दाखवला. "उजवीकडून? मग मागचं चाक तुझा मामा उचलणार?" "भरलेली गाडी तू कधी चालवलीस?" बसप्पा म्हणे दुसऱ्या गिअरशिवाय बातच नको. मी लिहीत सुटलो. आपापल्या युक्तीखाली प्रत्येकाने छाती काढून सही केली. चौदा सह्या, आणि चौदाही त्याच खड्ड्याच्या.

शनिवारी मालकापुढे मी कागद वाचायला लागलो. मालक स्वतः जुना ड्रायव्हर. सेलमवाल्याच्या युक्तीपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

"चूक!" तो ओरडला. "उजवीकडून घेतली की पाटा गेलाच! पावसाळ्यानंतर ती गुंडी उघडतेच. मी कायम डावीकडे मातीत उतरवायचो."

व्यंकोबा हळूच म्हणाला, "मालक, सोमवारी त्या मातीत बंडी (बैलगाडी) उभी होती. बैल सोडलेले. माणूस खाली निजलेला."

मालकाने माझ्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग खिशातून किल्ली काढून पुढे केली. "उद्या हरिहरचा माल आहे. पाटा नवा घातलाय, बघून घे." माफी मागितली नाही. मी मागायला लावणार होतो. व्यंकोबाने माझा दंड धरला. "सरी, सरी (ठीक आहे). पुरे."

परतीला त्याच्याच शेजारी बसून हरिहरपर्यंत आलो. चिंचांपाशी त्याने गाडी इतकी अलगद मातीत उतरवली, की मी जागा नसतो तर कळलंही नसतं. तेव्हा लक्षात आलं, मी किती प्रवास झोपेत केले, आणि कुणाकुणाच्या हातांनी मला न उठवता खड्डे चुकवले. त्या माणसांची नावंसुद्धा मी कधी विचारली नाहीत. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

पण ते खड्डा चुकवतात, म्हणूनच खड्डा राहतो. बुजवणाऱ्या कचेरीला वाटतं, कुणाचीच तक्रार नाही. ड्रायव्हर तक्रार करणार नाही. त्याची भाकरी त्यात अडकली आहे. तुमची नाही. तेव्हा पुढच्या खेपेला तुमची मोटार रस्ता सोडून मातीत उतरली, की खिडकीतून मैलाचा दगड वाचा, ड्रायव्हरचं नाव न घालता त्या कचेरीला एक कार्ड लिहा आणि गावात उतरल्या उतरल्या पेटीत टाका. घरी जाऊन नाही. तिथेच.