कुंकवावर नेम

ज्ञानू कोळपेला माणसाला माणूस म्हणणं फार जड जायचं. दौंडच्या राखीव पोलीस दलात बत्तीस वर्षं शस्त्रं दुरुस्त करून तो निवृत्त झाला आणि शिरूर रस्त्यावरच्या एका खासगी क्लबात नेमबाजी शिकवायला लागला. तिथं त्याच्या तिरस्काराला रोज ताजा चारा मिळे. रस्त्याकडंच्या जमिनीचे प्लॉट पडले की माणसाला आधी दाढी फुटते, मग गाडी, मग पिस्तूल, असं त्याचं स्वच्छ मत होतं. तरी सकाळी साडेआठला तो हजर. कारण सगळा जन्म पिस्तुलं खोलण्यात-जोडण्यात गेलेल्या माणसाला म्हातारपणी पिस्तुलाला हात लावू देईल अशी अख्ख्या पंचक्रोशीत ही एकच जागा होती. ती गेली की घरी बसून भिंती बघायच्या.

मांडवगण फराट्याचे साहेबराव हे त्या जागेचे मालक. शिक्रापुरात कामगारांना खोल्या भाड्यानं देऊन हा गडी फुगला होता. लग्नाला जाताना शर्ट मुद्दाम खोचायचा, म्हणजे कमरेचं लायसनचं पिस्तूल वाढप्यालासुद्धा दिसावं. यंदा त्याला झेडपीला उभं राहायचं होतं आणि फ्लेक्सवर नावापुढं ‘निष्णात नेमबाज’ हवं होतं. क्लबाच्या त्या प्रशस्तिपत्राला दहा गोळ्यांत शंभरपैकी ऐंशी गुण लागत, आणि गुणपत्रावर ज्ञानूची सही.

गुण पडेनात म्हणून साहेबरावानं दिल्लीहून पिस्तुलावर रेड डॉट बसवून आणला. अंगठ्याच्या पेराएवढी काच. मागं बारका दिवा, त्याचा लाल ठिपका काचेत तरंगतो. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच जुळवायची भानगड नाही. ठिपका निशाणीवर टेकवायचा, चाप ओढायचा. ज्ञानूनं बघताक्षणी त्याला टिकली म्हटलं आणि क्लबभर टिंगल केली. पण ठिपका जुळवून द्यायला म्हणून त्यानं स्वतः पाच गोळ्या मारल्या, आणि गप्प झाला. वर्षभर त्याला माशी धूसर दिसत होती, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. टिकलीनं पाची गोळ्या वाटीएवढ्या जागेत गेल्या होत्या. इतकी चांगली वस्तू असल्या माणसाच्या कमरेला लटकावी, याचीच त्याला जास्त चीड आली.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी साहेबराव परीक्षेला आला. दहा गोळ्या मारल्या. कागदाला एक लागली, तीही कडेला, चार गुणांच्या रिंगणात. बाकीच्या नऊ मातीच्या बांधात. त्यानं पिस्तूल टेबलावर आपटलं आणि चार लोकांसमोर ज्ञानूला झापलं, की म्हाताऱ्याला एक ठिपका धड जुळवता येत नाही, यानं दलात काय दिवे लावले असतील.

ज्ञानूनं पिस्तूल रिकामं केलं, उजेडाकडं धरलं. काचेच्या मधोमध कुंकवाचा टिळा वाळून बसला होता. दिव्याच्या खोबणीत हळदीचा लगदा. खरा ठिपका उगवायला जागाच नव्हती. खंडेनवमीला साहेबरावाच्या आईनं, मुक्ताबाईंनी, भक्तिभावानं शस्त्राची पूजा केली होती, आणि काच दिसल्यावर कपाळ दिसल्यासारखं तिथंच बोट टेकवलं होतं. म्हातारीचं काय चुकलं? पण हा निष्णात वीर घरातलं कुंकू डोळ्यापुढं धरून दहा गोळ्या उडवून मोकळा झाला होता.

“साहेबराव, तुम्ही कुंकवावर नेम धरताय,” ज्ञानू म्हणाला.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबराव कानापर्यंत तांबडा झाला. क्लबचा मॅनेजर सत्यजीत धावत आला, ज्ञानूला बाजूला घेऊन समजुतीनं बोलायला लागला. दिवाच बंद होता म्हणजे गोळ्या धरायच्याच नाहीत, सत्त्याऐंशी लिहायचे, कुणाच्या बापाचं काय जातंय. आणि नाही लिहिले तर जागा मालकांची आहे, मामांनी उद्यापासून घरी आराम करावा. मामा म्हणताना त्याच्या तोंडातून मध गळत होता. हे शिकलेलं पोर दिवसभर साहेबरावाच्या गाडीचं दार उघडायला टपलेलं असे. ज्ञानूला त्याच्याकडं बघवेना.

“शेरा लिहायच्या आधी हत्यार तपासावं लागतं,” एवढंच तो म्हणाला.

त्यानं काडीला कापूस गुंडाळून काच पुसली, खोबण कोरली. ठिपका उगवला. मग त्यानं दहा गोळ्या भरल्या. घाई केली नाही. एकेका गोळीनंतर श्वास सोडला, खांदा सैल केला, पुन्हा उभा राहिला. ह्या आपल्या शेवटच्या, हे त्याला ठाऊक होतं. दहावी मारायला त्यानं फार वेळ लावला, तेव्हा सत्यजीतनं घड्याळ बघितलं. दहाच्या दहा मधल्या काळ्या गोलात होत्या.

साहेबरावाचा चेहरा उजळला. माझ्या गुणपत्राला हाच कागद जोडा म्हणाला. निर्लज्जपणालाही एक मर्यादा असते, ती याला कुणी दाखवली नव्हती.

ज्ञानूनं चष्मा लावला. गुणांच्या रकान्यात चार लिहिले. शेऱ्यात, दलातल्या जुन्या रजिस्टरच्या भाषेत, लिहिलं: ‘शस्त्र दुरुस्त. बाळगणारा नादुरुस्त.’ खाली ठसठशीत सही केली आणि शस्त्रांच्या कपाटाच्या किल्ल्या सत्यजीतपुढं ठेवल्या.

ज्ञानूनं पिस्तूल पुन्हा रिकामं करून, आत करंगळी घालून बघितलं आणि मालकाच्या हातात दिलं. साहेबरावानं ते घेतलं तसं त्याचं बोट सरळ चापावर गेलं आणि नळी सत्यजीतच्या पोटाकडं वळली. सत्यजीत गुणपत्र वाचत होता, त्याला कळलंही नाही.

ज्ञानूनं ते बोट धरून चापावरून बाजूला काढलं.

“एवढं तरी ध्यानात ठेवा,” तो म्हणाला. “उद्या मी नसणार.”