बॅटरीबाबांची सही

बॅटरीबाबांनी न बघता कशावर सही केल्याचं मी कधी पाहिलं नाही. कँटीनच्या कुपनावरसुद्धा आधी चष्मा लावून तारीख वाचायचे, मागे रांग खोळंबली तरी. पोलंडचे हे साठी उलटलेले गृहस्थ आमच्या अबुधाबीच्या साइटवर वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. एका खिशात बॅटरी, दुसऱ्यात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. हे नाव आमच्या रत्नागिरीकडच्या फिटरांनी ठेवलेलं. "बाबा पास बोलले म्हणजे पास. मग खुशाल त्या पायपाखाली झोपा," असं ते म्हणायचे.

मी क्वालिटी इंजिनिअर. जोडांच्या रिपोर्टवर त्यांच्या सहीखाली माझी सही लागायची, त्यामुळे त्यांच्या या खोडीचा मला भारी वैताग यायचा. एकदा चिडून विचारलं, एवढा संशय कशाला? ते हसले. "संशय नाही. आमच्या बिशपनी लावलेली सवय आहे."

त्यांच्या तरुणपणी तिकडे कम्युनिस्टांचं राज्य होतं. कारखान्यात दर आठवड्याला कागद फिरायचा: सर्व उत्तम चालले आहे, सर्व कामगार सहमत आहेत. सगळे मुकाट्यानं सही करायचे. गावचे बिशप सरकारला शिव्या देत नसत. दर रविवारी एवढंच सांगत, "जे पाहिलं नाही, त्यावर सही करू नका." हळूहळू कागद कोरे परत जाऊ लागले. "सरकार पडलं ते बऱ्याच वर्षांनी," बाबा म्हणायचे, "पण आमच्या कारखान्यात ते तेव्हाच पडलं होतं."

बाबांनी स्वतः मात्र एकदा सही केली होती. बिशप देशद्रोही आहेत, अशा कागदावर. बायकोचे दिवस भरत आलेले, राहती जागा जाईल म्हणून घाबरले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे न सांगता अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडतात. त्या वर्षी दार वाजलं तर बाहेर बिशप. त्या ताटावर बसले, बिटाचं सूप दोनदा मागून घेतलं, बाळाचं नाव काय ठेवणार विचारलं आणि गेले. "सहीबद्दल एक शब्द बोलले नाहीत," बाबा म्हणाले. "बोलले असते तर मी सुटलो असतो."

पुढे आमच्या गॅसलाइनचे सोळा जोड आले. बाबांनी बघायच्या आतच कुणीतरी त्यांवर आवरण चढवून टाकलं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात क्लायंट ताबा घ्यायला येणार होता.

"हबीबी, सोळाच जॉइंट्स आहेत. एक सही करा, खलास," मॅनेजर म्हणाले.

"मी पाहिले नाहीत," बाबा म्हणाले. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट तिथेच संपलं.

मग मॅनेजरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ते पुण्याचेच, त्यामुळे मराठीत बोलले. "बाबांच्या जागी आणि तुझ्या, दोन्हीकडे तूच कर. मुलीची शाळा इथेच आहे ना अजून?"

मी सही केली.

बाबा पोलंडला परत जायच्या आदल्या संध्याकाळी न सांगता घरी आले. दोन दिवस मी त्यांचा फोन घेत नव्हतो. बायको आत येऊन म्हणाली, "अहो, बाबा आलेत. लपताय काय?" पिठलं-भात होता. त्यांनी दोनदा मागून घेतला. मुलीला शाळेचं विचारलं, ती इंग्रजीत उत्तरं देत राहिली. सहीबद्दल अवाक्षर नाही. जाताना आपली बॅटरी आमच्या टेबलावर ठेवून गेले.

क्लायंट आला त्या दिवशी मी त्याच्यासमोरच सही मागे घेतली. आवरणं उतरवली तेव्हा तीन जोडांना चिरा होत्या. त्या लाइनखाली रोज आमचे रत्नागिरीचे फिटर डबे उघडून जेवायला बसत.

माझी नोकरी कशीबशी टिकली, मॅनेजरांची गेली. ऑफिसात कुणी त्यांचा फोन उचलेना. खरं सांगतो, मलाही त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

तरी त्या शनिवारी मी दीड तास गाडी चालवून दुबईला त्यांच्या घरी गेलो, फोन न करता. दार त्यांनीच उघडलं आणि खाली बघत उभे राहिले. मी बूट काढले, आत गेलो आणि म्हणालो, "वहिनी, माझंही ताट वाढा."