जाऊबाईंच्या उंचीची खुर्ची

भूत, करणी, पाठीमागे कुणी उभं असल्याचा भास... असलं काही आजवर माझ्या वाट्याला आलं नाही आणि येईल असं वाटलंही नव्हतं. वटारला सासरच्या वाडीत बायका असल्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसायचे. आता तुम्ही हसा माझ्यावर.

हल्ली आम्ही दोघं आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. मी लॅपटॉपवरून परदेशातल्या मराठी मुलांना वाचायला शिकवते. जेवणाच्या टेबलाशी बसून बसून कंबर अशी धरली, की डॉक्टर म्हणाले — आजी, खुर्ची बदला, नाहीतर क्लास बंद करा. क्लास बंद करून दिवसभर काय ह्यांचं तोंड बघत बसू?

वसई फाट्याजवळच्या एका दुकानात गेलो. एकेका खुर्चीत बसून पाहिलं. जाळीची पाठ, कमरेला आधार, खालचा खटका ओढला की सीट वर-खाली... एक पसंत पडली. आणि ह्यांनी काय बोलावं? "वहिनींना कधी लागली नाही बुवा असली खुर्ची."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनताई. गेल्या वर्षी वारल्या. माझ्यापेक्षा चांगल्या उंच, आणि म्हातारपणीही पाठ अशी सरळ, की मोगरा ओवायला बसल्या म्हणजे सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या. मी मुंबईची, टायपिंग करून पोक काढलेली. नव्या नवरीला वाटलं, जाऊबाईंवर वरताण करावी! परकराच्या नाडीत, पाठीशी लाकडी फूटपट्टी खोचून ओवायला बसले. परडी उचलायला वाकले आणि पट्टी कडकन् मोडली. सासूबाईंनी विचारलं, काय मोडलं गं? मी म्हटलं, कंबर. सगळी पडवी हसली. सुमनताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्याचाही मला रागच आला.

तर, खुर्ची घरी आली. पाय नीट जमिनीला टेकतील इतकी खाली घेतली. दुसऱ्या दिवशी बसायला जाते तर सीट वर! माझे पाय लोंबकळले. ह्यांना झापलं, तर म्हणाले, मी कशाला हात लावतोय तुझ्या सिंहासनाला. पुन्हा खाली केली. सकाळी पुन्हा वर, नेमकी तेवढीच. एका लग्नासाठी घराला कुलूप लावून गावी गेलो, तेव्हाही परत येऊन बघतो तर वर.

दुकानाचा माणूस येऊन तपासून गेला. म्हणाला, सीटखालच्या नळीतला गॅस गेला तर खुर्ची खाली बसते, आजी. कुणी खटका ओढल्याशिवाय वर जात नाही.

तो गेल्यावर ह्यांनी जमिनीपासून सीटपर्यंत वीत लावून पाहिली. मग हळूच म्हणाले, "वहिनींना बरोब्बर होईल गं ही."

भीती वाटायला हवी होती ना? मला आला संताप. दुखणं माझं, खुर्ची माझी, आणि माप त्यांचं!

एकदा क्लासची वेळ होऊन गेली होती, खुर्ची खाली घ्यायला फुरसत नव्हती. पायाखाली पाट सरकवला आणि तशीच उंचावर बसले. कोपरं टेबलाच्या बरोबरीला आली, मान वर राहिली. क्लास संपवून उठले तर कंबर चूप. मग तशीच बसत गेले आणि दुखणं गेलं. म्हणजे माझं माप चुकलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं... हे लिहितानासुद्धा जिवावर येतंय.

परवा वटारहून सुमनताईंच्या सुनेचा, नयनाचा फोन आला. ती घरून ऑफिसचं काम करते, तिनेही अशीच खुर्ची घेतलीय. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज बारीक करून म्हणाली, "काकी, हसू नका हं... माझी खुर्ची रात्रीतून आपोआप वर जाते."

"खटका ढिला असेल गं," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी मुद्दाम माझी खुर्ची पार खाली केली. सकाळी उठून आधी तिच्याकडे गेले. खालीच होती.

नयनाची पाठ अजून तिशीतली आहे, तिला काय एवढी घाई? आणि सून झाली म्हणून काय झालं, आधी मी आले होते ना त्या घरात?

उत्तर असेल कुणाकडे तर जरूर कळवा. गॅस, स्प्रिंग, दमट हवा — सगळं ऐकून झालंय, त्यातलं काही पटत नाही. तोवर मी आपली रोज झोपण्याआधी खुर्ची खाली करून ठेवते.