गालावरची टाच

“डॉक्टर, मी गालाचा तुकडा मागवला होता. तुम्ही टाच पाठवलीत.”

फोनवर आमचे नारायणगावचे डेंटिस्ट. “मॅडम, बाई समोरच बसल्यात. दोन्ही टाचा जागेवर आहेत.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरला माझी पॅथॉलॉजी लॅब छोटी होती, आणि आपल्याला सगळं कळतं हा समज मोठा.

बाई पिंपरी पेंढारच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लहानपणापासून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावून गालात धरायच्या. तिथेच पांढरा चट्टा उठलेला. कॅन्सर आहे का, हे बायोप्सी सांगणार. म्हणजे मी.

शरीराला आतबाहेर पेशींचं अस्तर असतं, एपिथेलियम. जसं काम तसं अस्तर. आतड्यात एकच थर, अन्नरस शोषायला. श्वासनळीत केसाळ, धूळ झाडायला. गालात पुष्कळ थर, पण मऊ, ओले. टाचेवर त्या थरांवर आणखी केराटिनचं, नखासारखं कोरडं कवच. माझ्या स्लाइडवर तेच कवच होतं.

फोन ठेवून पुन्हा पाहिलं. टाचेत घामाच्या नळ्या असतात. इथे एकही नाही. खाली सरकले, तर लाळेच्या ग्रंथी. टाचेला लाळ सुटत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

गालच होता तो! रोज पोळून पोळून त्याने स्वतःला घट्टा पाडून घेतला होता. कुणी शिकवलं त्याला? मायक्रोस्कोपवरून डोळा काढवेना.

मग भीत भीत तळाशी गेले. अस्तराखाली एक बारीक पडदा असतो. बिघडलेल्या पेशी तो फोडून खाली उतरल्या, की कॅन्सर. इथे पेशी शिस्तीत. पडदा अखंड. मी श्वास सोडला.

बाई रिपोर्टला आल्या. “क्यान्सर हाय का वं, डॉक्टरीणबाई?”

“नाही. पण मिश्री आजपासून बंद. गालाने टाचेसारखं कातडं धरलंय.”

त्यांनी गालावर हात ठेवला. “म्हंजी माझ्या गालानं पायताण घातलं व्हय?”

“हो. आणि काटे तुम्हीच पसरत होतात.”

कनवटीची मिश्रीची डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. घरी नेली तर हात जाईल.”

सगळ्यांचं असं होत नाही, पण त्यांचा चट्टा हळूहळू विरला. गालाने पायताण काढून ठेवलं.

डेंटिस्ट मात्र पुढे कितीतरी वर्षं विचारायचे, “मॅडम, आज गाल पाठवू की टाच?” मी तेव्हापासून आधी लाळ शोधते. फोन नंतर.