तीन वर्षांचं मडकं

पेशंटचं वय लिहायच्या चौकटीत तीनच आकडे मावतात, आणि मडकं होतं तीन हजार वर्षांचं. स्कॅनवाल्या मामांनी कान खाजवला आणि नुसते तीन टाकले. पुढची शून्यं समजणाऱ्याने समजून घ्यावीत. गोची एवढीच, की समजून घेणारं माणूस नव्हतं, मशीन होतं. तीन वर्षांचं पोर आहे म्हणून त्याने मडक्यावर जेमतेम, हळुवार किरण सोडले. त्यावर कडी म्हणजे मामांनी सवयीने माइकवर सांगितलंही, "श्वास रोखा. हलू नका."

मडकं हललं नाही. पण पडद्यावर जे उमटलं, त्यात काही शोधणं म्हणजे धुक्यात म्हैस शोधण्यासारखं होतं.

मामा सगळ्या हॉस्पिटलचेच मामा. सव्वीस वर्षं या थंडगार खोलीत, बिनबाह्यांच्या स्वेटरमध्ये गेलेली. माणसाच्या आत काय बिघडलंय ते त्याच्या आधी मामांना दिसतं, पण सांगायची मुभा नाही. "डॉक्टर सांगतील" म्हणून म्हणून त्यांचा चेहराच कुलपासारखा झालाय.

"काहीच दिसत नाही का हो?" मडकं घेऊन आलेल्या संग्रहालयाच्या बाईंचा आवाज पडला. त्यांच्या साहेबांनी बजावलं होतं: स्कॅनमध्ये आतलं दिसलं तर ठीक, नाहीतर सोमवारी मडक्याचं लिंपलेलं तोंड फोडायचं. आणि फोडलं, की इतकी वर्षं टिकलेलं जे काही असेल त्याचा हात लागताच भुगा.

तेव्हा कुठे मामांची नजर वयाच्या चौकटीवर गेली. कान तापले. "बाई, मडक्याचा दोष नाही, माझा आहे. परत काढू."

पण आठ वाजले होते. मडक्याची वेळ संपली होती आणि बाहेर बाकावर पहिल्या नंबरच्या आजी बसल्या होत्या. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या, जिभेला हाड नसलेल्या.

"आजी, अर्धा तास थांबाल का?"

"का? कुणाचा वशिला घुसला?"

"मडकं आहे."

"त्याला काय होतंय?"

"तीन हजार वर्षांचं आहे हो."

"मग जाऊ दे. मोठ्यांचा मान आधी. पण नंबर उसना देतेय हं. आत काय निघालं ते मला सांगायचं. ते तुमचं 'डॉक्टर सांगतील' नको."

"सांगतो," मामा म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

या वेळी त्यांनी किरणांचा जोर स्वतः ठरवला. जिवंत माणसाला जपून द्यावे लागतात. इथे कुणाला इजा होणार होती? पडद्यावर मातीची भिंत सरकली, मग गाळ, मग अंड्याच्या टरफलाएवढी पातळ कवटी. बाई खुर्चीवरून उठल्या.

"जबड्यात बघा," मामा पुटपुटले. दात अजून फुटले नव्हते, हाडातच होते, कोवळ्या कणसातल्या दाण्यांसारखे.

"वर्षाचंसुद्धा नाही हो हे," बाई म्हणाल्या.

"आणि हातापाशी ही गोळी बघा. पोकळ आहे." मामांनी चित्र इकडून कापलं, तिकडून फिरवलं. गोळीच्या आत खडे. त्यांनी मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले. सात.

"खुळखुळा," दोघं एकदमच म्हणाले. मामा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना सुचेना.

बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "फोडायचं काही कारण नाही, साहेब. खडेसुद्धा मोजून झालेत." मग ऐकत राहिल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, "सुटलं मडकं. फक्त अहवाल छापून येईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही म्हणतात."

आजींना टेबलावर घेतलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलंच. "हं, काय निघालं?"

सातही खडे मामांच्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. "आजी... संग्रहालय सांगेल."

"बुडवे आहात," आजी म्हणाल्या आणि कुणी सांगायच्या आधीच श्वास रोखून पडल्या.

त्यानंतर आजी दोनदा येऊन गेल्या. अहवाल अजून छापून येतोच आहे. मामा दर आठवड्याला बाईंना फोन करून त्यांचं डोकं खातात. तोवर व्याज म्हणून आजींचा नंबर नेहमी पहिला लागतो. आजी व्याज घेतात आणि मुद्दल मागतात.