मी आटवलेला पान्हा

देवीच्या कृपेचे अनुभव कुणी सांगू लागलं की मी मान खाली घालून ऐकते. माझ्याकडेही एक अनुभव आहे. पण तो सांगायचा तर आधी माझा अपराध सांगावा लागतो, आणि तो अठरा वर्षं घरात कुणापुढं माझ्या तोंडून निघाला नाही.

शिवाजी पेठेत आमचं घर. पहिली मुलगी चार वर्षांची असताना दुसरीही मुलगीच झाली. घरात कुणी नाक मुरडलं नाही, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी तर गल्लीभर पेढे वाटले. "पोरगी झाली म्हणून जिलबी कशाला? पेढंच वाटणार मी," म्हणाल्या. तोंड वाकडं झालं ते माझं. मला मुलगा हवा होता आणि लवकर हवा होता. अंगावर पाजत राहिलं की पुढचं मूल लांबतं, असं माहेरी बायकांत ऐकलं होतं. म्हणून मी ठरवलं, हिला पाजायचंच नाही.

दूध होतं. भरपूर होतं. मोगरा बांधला की पान्हा आटतो, हेही माहेरीच ऐकलेलं. ज्येष्ठाचे दिवस होते. मालकांना मी रोज दोन गजरे आणायला सांगायची. बायको बाळंतपणात हौशी झाली म्हणून ते खूश. मी ते गजरे केसांत न माळता छातीवर ठेवून वरून कापड आवळून बांधायची. सगळ्यांना सांगितलं, मला दूधच येत नाही. बाळाला बाटली सुरू झाली. आत्या बिचाऱ्या अळीव काय, शतावरी काय, एकेक करून खाऊ घालत होत्या. शेवटी त्या टेकडीवरच्या टेंबलाईदेवीला नवस बोलल्या, "आई, माझ्या सुनंला पान्हा फुटू दे. आषाढात नदीचं नवं पाणी अनवाणी घेऊन येते." मी ते ऐकलं आणि कूस बदलली.

तिसऱ्या आठवड्यात बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात सलाईन लावलं, बोटाएवढा हात पट्टीनं फळीला बांधला. डॉक्टर म्हणाले, "बाटलीपायी झालंय हे. आईचं दूध अजिबातच नाही का?" मी नाही म्हटलं. त्या दोन दिवसांत माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी आल्यावर दार लावून मी तिला पहिल्यांदा छातीशी धरलं. तिनं पाठीची कमान केली, तोंड फिरवलं आणि ती किंचाळली. तिला ते रबराचं बोंड ओळखीचं होतं, मी नव्हते. दूधही आटत आलं होतं. मग रोज तेच. ती बाटलीला बिलगायची आणि मी बघत बसायची. पोटच्या पोरीनं आपल्याला ओळखावं, यासाठी कुणी इतकं झुरलं असेल का, मला माहीत नाही. आणि रडायची सोय नव्हती, कारण हे माझंच करणं होतं.

सव्वा महिना होऊन गेला, आषाढ आला. पान्हा फुटला नव्हता, तरी आत्यांनी देवीला घालायचा नदीच्या नव्या पाण्याचा कलश डोक्यावर घेतला. मी म्हटलं, "आत्या, नवस तर फळला नाही अजून." त्या म्हणाल्या, "देवीसंगं सौदा करत्यात व्हय? पाणी घालायचं ते घालायचं. द्यायचं का न्हाई ते ती बघंल."

पिपाणी-ढोलाच्या गजरात गल्ली टेंबलाईच्या टेकडीवर पोचली. आत्या रांगेत गेल्या. मी बाळाला घेऊन झाडाखाली बसले. ते पेंगुळलं होतं, चुळबुळत होतं. शेजारी एक म्हातारी बसली होती, लुगड्याला म्हशीच्या गोठ्याचा वास.

"का गं, पाजंनास लेकराला?"

"पीत नाही."

"पीत न्हाई, का तू पाजलंच न्हाईस?"

कसं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. मोगऱ्यासकट. मला वाटलं आता ही थुंकेल. पण ती तंबाखू मळत म्हणाली, "मग म्हशीपरास काय येगळं केलंस? आमची एक हाय, पैल्यांदा व्याली तवा रेडकाला लाथच हाणायची. आता रेडकाजवळ कुणाला फिरकू देत न्हाई."

"पण दूध आटलंय."

"वढणारं तोंड न्हाई, मग आटंल न्हाई तर काय हुईल? भुकंनं वरडाय लागल्यावर लावू नगंस, तवा ती कुणाचंच ऐकत न्हाई. अशी पेंगत असली की घे. अंगाला अंग लागू दे. आन् वरचं दूध वाटी-चमच्यानं पाज."

तिनं आडोशाला माझ्यावर पदर धरला. बाटलीचं बोंड काढून दुधाचे थेंब माझ्या छातीवर सोडले. बाळानं चाटलं. सोडलं. पुन्हा थेंब, पुन्हा चाटलं. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं तोंड लावलं आणि ओढलं. मोजून चार-पाच घोट. माझ्यात काही होतं की नव्हतं देव जाणे, पण ती ओढत होती.

डोळे पुसून वर बघितलं तर आत्या प्रसाद घेऊन उभ्या होत्या आणि म्हातारी गर्दीत निघून गेली होती. पुढं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशींचं दूध पिळून विकायला येणाऱ्या बायकांत मी तिला कितीदा शोधलं. ती कुठली, कोण, कळलं नाही. देवी होती असं मी म्हणत नाही. माझं खरं ऐकायला त्या दिवशी कुणीतरी तिला पाठवलं, एवढंच म्हणते.

लगेच सगळं झालं नाही. पंधरा-वीस दिवस झोंबाझोंबी चालली. डॉक्टरांना विचारून, बाळाचं वजन करत करत वरचं दूध कमी केलं. मग एका सकाळी ती पोटभर पिऊन, ओठावर दूध तसंच ठेवून झोपली. आत्यांनी देवीच्या फोटोला हात जोडले. आपला नवस फळला, याच समाधानात काही वर्षांनी त्या गेल्या. त्यांना मी खरं सांगू शकले नाही. मला पुढं मूल झालं नाही, आणि त्याचं दुःखही झालं नाही. झुरते ते अजून त्या सुरुवातीच्या दिवसांसाठी. कुणाचं बाळ पिताना बघितलं की छातीत कळ येते.

गेल्या महिन्यात धीर करून त्याच धाकट्या लेकीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "पण शेवटी पाजलंस की न्हाई?"

"पाजलं. अडीच वर्षं."

"मग झालं की," म्हणाली आणि उठून मला पाणी आणून दिलं.

माझ्या ओटीत कोण यावं ते मी ठरवायला निघाले होते. जी आली होती तिला नाकारलं, तरी देवीआईनं तीच पुन्हा माझ्या पदरात घातली. आता मी काही मागत नाही. दिलं ते दोन्ही हातांनी घेते.